फेस्ट, ट्रेन अन् ७५ टक्के अटेंडन्स, हे सगळं एका सेमिस्टरमध्ये कसं बसवायचं

एक नियम आधीच सांगून टाकतो, बाकीचं सगळं त्याच्यावरच उभं आहे. कुठल्याही इव्हेंटला, कॅम्पला, ट्रिपला "हो बे, येतो" म्हणायच्या आधी परत कधी अन् कशाने येणार हे ठरवायचं. जायचं कसं हे सगळेच बघतात, ग्रुपवर धडाधड मेसेज पडतात, पण परतीचं कोणी विचारत नाही अन् मग सोमवारी सेशनल (सेमिस्टरमधली कॉलेजची परीक्षा) असताना पोट्टे रविवारी रात्री भुसावळच्या प्लॅटफॉर्मवर पाठीला बॅग लावून बसलेले. नागपूर देशाच्या मधोमध आहे हे आपण मोठ्या कौतुकाने सांगतो, झिरो माईलवर फोटोही काढतो, पण त्याचा व्यवहारातला अर्थ काय तर मुंबई असो की पुणे, एक रात्र जाताना अन् एक रात्र येताना गाडीतच जाते. म्हणजे दोन दिवसांचा फेस्ट हा चार दिवसांचा कार्यक्रम असतो, कॅलेंडरमध्ये चार दिवसच अडवायचे.

कॅलेंडर म्हणजे फार काही नाही, भिंतीवरचं कालनिर्णय चालते. सेमिस्टर सुरू झाल्याबरोबर कॉलेजचं अॅकॅडमिक कॅलेंडर घ्या अन् सेशनल, सबमिशन, प्रॅक्टिकल, व्हायवा एवढ्याच तारखा लाल पेनने मारा. कॉलेज ऑटोनॉमस असेल तर तारखा कॉलेजच्या, नसेल तर विद्यापीठाच्या हिवाळी-उन्हाळी परीक्षेचं टाइमटेबल बघायचं, अन् दुसऱ्या कॉलेजातल्या मित्राच्या तारखांवर विसंबून तिकीट काढायचं नाही. मग दुसऱ्या रंगाने गावाच्या तारखा. हे बरेच जण करत नाहीत. पोळा, तान्हा पोळा, त्याच दिवशी मारबत म्हणजे पुतळ्यांची मिरवणूक, तेव्हा महाल-इतवारीत गाडी घालायची नाही. दसऱ्याला दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाला देशभरातून लाखो लोक येतात, १९५६ पासूनची परंपरा आहे ती, त्या दिवसांत नागपूरला येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या भरलेल्या अन् बजाजनगर-लक्ष्मीनगरकडचे रस्ते वळवलेले, तेव्हा बाहेरच्या टीमला आपल्या इव्हेंटला बोलवायचं असेल तर तारीख बदला. अन् डिसेंबरचं हिवाळी अधिवेशन. सिव्हिल लाइन्समध्ये बॅरिकेड, मॉरिस कॉलेज टी पॉइंटवर मोर्चे अडवलेले, पोलिसच पोलीस. वसंतराव देशपांडे सभागृहात प्रोग्राम ठेवला असेल अन् साउंडवाल्याचा टेम्पो मोर्च्यामागे अडकला तर स्टेजवर बसून भजन म्हणायची वेळ येते.

आता कुठल्या इव्हेंटला हो म्हणायचं? माझं मत स्पष्ट आहे, वर्षातून एकाच ठिकाणी कोअर टीममध्ये घुसायचं, बाकी सगळीकडे पार्टिसिपंट नाहीतर प्रेक्षक. कोअर टीम म्हणजे स्पॉन्सरशिपसाठी धरमपेठेतली दुकानं पालथी घालणं, परवानग्या, बॅनर, पाहुण्यांचं जेवण, अन् इव्हेंट संपल्यावर खुर्च्या मोजणं. मजा येते पण महिनाभर दुसरं काही होत नाही. एकाच सेमिस्टरमध्ये दोन कमिट्या धरणारा दोन्हीकडे शिव्या खातो. व्हीएनआयटी या आपल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा अॅक्सिस किंवा आरोही फेस्ट असेल तर नागपुरातल्यांनी नक्की जावं, त्याला ना तिकीट लागते ना लॉज, रात्री आपल्या घरी.

एनएसएसचं (राष्ट्रीय सेवा योजना) वेगळं आहे. तिथे दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात अन् सात दिवसांचं निवासी शिबिर, म्हणजे तारीख आधीच कळते, तेवढं धरून चालायचं. नाटक, नाच, गाणं करत असाल तर विद्यापीठाच्या युवा महोत्सवातून पुढे राज्यपातळीवर इंद्रधनुष्य, खेळाडू असाल तर अश्वमेध, प्रोजेक्ट चांगला असेल तर आविष्कार ही संशोधन स्पर्धा. या तिन्हीत तुम्ही विद्यापीठाकडून जाता, त्यामुळे पत्र सहज मिळते, अटेंडन्सला अडचण कमी. खासगी फेस्टला असं नसते, तिथे तुमचं तुम्ही.

पत्रावरून आठवलं, ओडी लेटर, म्हणजे इव्हेंटमुळे बुडालेली लेक्चरं हजेरीत धरा असं सांगणारं ऑन ड्यूटी पत्र. अर्धी पोरं यातच मार खातात. इव्हेंटहून आल्यावर सर्टिफिकेट घेऊन सरांच्या मागे फिरण्यात अर्थ नाही, लेटर जायच्या आधी द्यायचं. साधं पान, वर तारीख, खाली टीममधल्या सगळ्यांची नावं, रोल नंबर, सेमिस्टर, सेक्शन, अन् कोणत्या तारखेला कोणतं लेक्चर अन् कोणतं प्रॅक्टिकल बुडणार ते तक्त्यात, कारण "१२ ते १५ गैरहजर" असं मोघम लिहिलं तर लॅबवाले मॅडम म्हणतात माझ्या बॅचचं कुठे लिहिलंय. सोबत निमंत्रणाचा मेल प्रिंट करून जोडा. आधी इव्हेंट को-ऑर्डिनेटरची सही, मग एचओडीची, मग ऑफिसात इनवर्ड. दोन कॉपी न्यायच्या, दुसरीवर शिक्का मारून घ्यायचा अन् ती कॉपी फाइलीत, मोबाइलमध्ये फोटो. सेमिस्टरच्या शेवटी डिटेन्शनची (अटेंडन्स कमी म्हणून अडवलेल्यांची) लिस्ट लागते तेव्हा तोच शिक्का कामी येते, "सर मी सांगितलं होतं" हे कोणी ऐकत नाही. अन् ७५ टक्क्यांच्या काठावर चालू नका, ८५ पर्यंत नेऊन ठेवा मग सुट्ट्या घ्या, डेंग्यू विचारून येत नाही.

आता ट्रेन. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडते, आधीचे १२० दिवस गेले. त्यामुळे फेस्टची तारीख जाहीर झाली की त्याच आठवड्यात बघायचं. आपल्याकडे एक गोष्ट समजून घेतली की अर्धं टेन्शन जाते, ती म्हणजे गाडी नागपुरातून सुटते की नागपूरवरून जाते. मुंबईसाठी दुरंतो अन् सेवाग्राम इथूनच सुटतात, पुण्यासाठी गरीबरथ आहे पण तो रोज नसतो, या गाड्यांत इथला कोटा मोठा. हावड्याहून येणाऱ्या गाड्यांत आपण मधले प्रवासी, आपल्या वाट्याला थोड्या सीटा, अन् वेटिंग लागलं की त्याच्यापुढे आरएलडब्ल्यूएल नाहीतर पीक्यूडब्ल्यूएल दिसते, म्हणजे मधल्या स्टेशनांच्या छोट्या कोट्याचं वेटिंग. ते जीएनडब्ल्यूएलच्या (सर्वसाधारण वेटिंगच्या) मानाने फार कमी कन्फर्म होते. म्हणजे जीएनडब्ल्यूएल २० परवडलं पण आरएलडब्ल्यूएल ८ नको. ऑनलाइन वेटिंग तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप कॅन्सल होते, ते घेऊन स्लीपरमध्ये चढायचं नाही, टीसी उतरवतो अन् दंड वेगळा. आरएसी असेल तर बिनधास्त जा, दोघं मिळून एका सीटवर गप्पा मारत रात्र निघते.

तत्काळचं गणित अजून एक पायरी पुढचं. एसीचं सकाळी १० ला, स्लीपरचं ११ ला, एक दिवस आधी, हे सगळ्यांना माहीत असते. पण तो एक दिवस गाडी जिथून सुटते तिथल्या तारखेने मोजतात. गीतांजली हावड्याहून आज दुपारी निघाली की नागपूरला उद्या सकाळी येते, म्हणून तुम्हाला १२ तारखेला नागपुरातून बसायचं असेल तर गाडीची तारीख ११ अन् तत्काळ १० तारखेलाच उघडते. ११ ला सकाळी मोबाइल घेऊन बसलात तर काहीच उरलेलं नसते. अन् ऑनलाइन तत्काळसाठी आता आयआरसीटीसी अकाउंट आधारशी जोडलेलं लागते, ते काम आजच करून ठेवा, पाच मिनिटांचं आहे. कन्फर्म तत्काळ कॅन्सल केलं तर पैसे परत नाही, तेव्हा जायचं नक्की असेल तरच.

सुट्टीत घरी जाणाऱ्या किंवा एज्युकेशनल टूरला जाणाऱ्या विद्यार्थ्यांना रेल्वेत स्लीपर अन् सेकंड क्लासला ५० टक्के सवलत आहे, एससी-एसटी विद्यार्थ्यांना ७५. कॉलेजच्या ऑफिसातून कन्सेशन फॉर्म घ्यायचा, प्रिन्सिपलची सही-शिक्का, अन् तिकीट काउंटरवरूनच, मोबाइलवर ही सवलत मिळत नाही. हॉस्टेलवर राहणाऱ्या गडचिरोली-चंद्रपूर-गोंदियाच्या पोरांनाही हे माहीत नसते, काहून तर कोणी सांगत नाही. एसटीत मुलींना २०२३ पासून अर्धं तिकीट, त्यामुळे वर्धा, अमरावती, यवतमाळला ट्रेनच्या मागे लागण्यापेक्षा सरळ गणेशपेठ स्टँडवर जा. दिवाळीत ट्रॅव्हल्सचं भाडं काय होते ते बैद्यनाथ चौकात जाऊन बघा, दुप्पट सांगतात अन् वर म्हणतात समृद्धी महामार्गाने नेतो. समृद्धी ७०१ किलोमीटरचा आहे अन् रस्ता खरंच भारी, पण ती गाडी शेवटी पोहोचते किती वाजता हे आधी विचारून घ्या.

शहरातल्या शहरात मेट्रो वापरा, उन्हाळ्यात तर हेल्मेटमध्ये डोकं उकडून घेण्यापेक्षा शंभर पटीने बरी. रेल्वे स्टेशनचं मेट्रो स्टेशन प्रजापती नगर-लोकमान्य नगर लाइनवर आहे, अजनी अन् एअरपोर्ट दुसऱ्या लाइनवर, बदलायचं सीताबर्डीला. फक्त रात्री दहाच्या आसपास बंद होते, फेस्टचा शेवटचा बँड संपेपर्यंत थांबणार असाल तर परत जायची सोय आधी बघा. हो, इथेही परतीचंच.

पैशाचं, थोडक्यात. टीममधला एक जण खजिनदार, सगळे पैसे त्याच्याच यूपीआयवर, दर रात्री ग्रुपवर किती उरले ते टाकायचं. स्टेशनवरच्या चहाचेही लिहायचे. ज्याला हिशोब आवडत नाही त्याला खजिनदार करू नका, तो दिलदार असतो अन् दुसऱ्या दिवशी टीम उपाशी.

परत आल्याच्या दिवशी सकाळी सरळ कॉलेजात जायचं, घरी जाऊन "थोडं पडतो" म्हटलं की दिवस गेला. बॅग क्लासच्या मागच्या बाकाखाली, तोंडावर पाणी, वाटेत प्लेटभर तर्री पोहे, अन् पहिलं लेक्चर झाल्याबरोबर सर्टिफिकेटची झेरॉक्स त्या शिक्केवाल्या ओडी लेटरला टाचून ऑफिसात द्या. बिलं असतील तर तीही त्याच दिवशी, थर्मल पेपरची प्रिंट हळूहळू पुसट होते अन् मग अकाउंट्सवाले घेत नाहीत.