बायबलमधल्या स्त्रिया: अभ्यासवर्ग घेणारीसाठी

मंडळीतल्या बायकांचा बायबल अभ्यास मी घेते. ‘स्त्रियांबद्दल शास्त्र काय सांगतं?’ असं कुणी विचारलं की बहुतेक वेळा प्रेषित पौलाच्या नावानं तीमथ्य या त्याच्या सहकाऱ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राचा दुसरा अध्याय उघडला जातो. स्त्रीनं निमूट शिकावं, शिकवू नये. तिथून सुरुवात केली की अर्ध्या जणी गप्प होतात आणि अर्ध्या वाद घालतात. तुम्ही वर्ग घेणार असाल तर माझा आग्रह आहे, सुरुवात पौलाच्या रोमकरांस पत्राच्या १६व्या अध्यायापासून करा.

हा अध्याय नुसता नमस्कार-चमत्काराचा म्हणून आपण भराभर वाचून टाकतो. वही काढा आणि त्यातल्या बायका एकेक करून लिहा. फीबी, प्रिस्का, मरीया, युनिया, त्रुफैना, त्रुफोसा, पर्सिस, यूलिया. शिवाय रूफाची आई आणि नीरियाची बहीण. दहा झाल्या. आता प्रत्येकीपुढे पौल तिच्याविषयी काय म्हणतो ते लिहा. फीबी किंख्रियाच्या मंडळीची सेविका. तिनं पुष्कळांना आणि खुद्द पौलाला मदत केली आहे, तेव्हा तिला लागेल ते साहाय्य करा, असं तो रोमच्या मंडळीला सांगतो. प्रिस्कानं आणि तिच्या नवऱ्यानं त्याच्यासाठी स्वतःचा जीव धोक्यात घातला. युनिया त्याच्याबरोबर तुरुंगात होती. मरीया, त्रुफैना, त्रुफोसा आणि पर्सिस यांनी श्रम केले, असं तो नावानिशी नोंदवतो. लगेच प्रेषितांची कृत्ये १८:२६ काढा. अपुल्लो हा शास्त्रात पारंगत, उत्तम बोलणारा माणूस. त्याला देवाचा मार्ग अधिक नीट समजावून सांगणाऱ्या दोघांत हीच प्रिस्का, म्हणजे प्रिस्किल्ला, आहे. एवढं वहीत आलं की तीमथ्याचं पत्र वाचताना मनात योग्य प्रश्न उभा राहतो: हेही पौलाच्या नावाचं पत्र आणि तेही, मग दोन्ही एकत्र कसं धरायचं?

दुसरी सवय लावून घ्या: पानावर काय आहे आणि आपण प्रवचनांतून काय ऐकलंय, हे वेगवेगळं ठेवायचं. मग्दालीया मरीयेबद्दल वर्गात विचारा, ‘वेश्या’ हे उत्तर नक्की येईल. मग चारही शुभवर्तमानांत तसं वाक्य शोधायला सांगा. सापडणार नाही. लूक ८:२ एवढंच म्हणतो की तिच्यातून सात भुतं निघाली होती. लूकच्या सातव्या अध्यायातली निनावी पापी स्त्री आणि मरीया या एकच, असं पोप पहिला ग्रेगरी यानं ५९१च्या सुमारास प्रवचनात सांगितलं आणि पश्चिमेकडच्या मंडळीत ते शतकानुशतकं टिकलं. पुनरुत्थित येशूनं निरोप देऊन ज्या बाईला शिष्यांकडे पाठवलं, तिची ओळख अशी पुसली जावी याचा मला आजही राग येतो. हव्वेचंही तसंच. उत्पत्ति ३:६ सावकाश वाचा: तिनं फळ आपल्याबरोबर असलेल्या नवऱ्याला दिलं. तो दूर कुठे नव्हता. आणि नवरा तुझ्यावर सत्ता चालवील हे वाक्य १६व्या वचनात, पतनानंतर, म्हणजे फळ खाऊन पाप घडल्यावर येतं. निर्मितीच्या वर्णनात नाही.

आता अवघड वचनं. ती टाळू नका. बायका ती ऐकतच मोठ्या झालेल्या असतात. करिंथकरांस पहिल्या पत्रातलं १४:३४, म्हणजे स्त्रियांनी सभेत गप्प राहावं हे वचन, एकटं कधीच वाचू नका. आधी ११:५ वाचा. तिथे स्त्री सभेत प्रार्थना करते, संदेश देते, हे पौल गृहीतच धरतो. त्याचं म्हणणं फक्त मस्तक झाकण्याबद्दल आहे. मग १४वा अध्याय पहिल्यापासून वाचा आणि गप्प राहण्याची आज्ञा कुणाकुणाला आहे ते खुणा करत चला. अर्थ सांगणारा नसेल तर अन्य भाषा बोलणाऱ्याला. दुसऱ्याला प्रकटीकरण झालं तर पहिल्या संदेष्ट्याला. आणि मग स्त्रियांना. सगळा अध्याय गोंधळलेली सभा शिस्तीत आणण्याविषयी आहे. काही जुन्या हस्तलिखितांत ३४-३५ ही वचनं ४०व्या वचनानंतर येतात, हेही सांगा. वर्गाला ते पेलतं.

तीमथ्याच्या पत्राला सोपं उत्तर नाही आणि असल्याचा आव आणू नका. काही जण म्हणतात, लेखक आदाम आधी निर्माण झाल्याचं कारण देतो, म्हणून नियम कायमचा. इतर जण १:३ दाखवतात: तीमथ्य इफिसात थांबला होता तो खोट्या शिक्षणाला आळा घालायला, म्हणून आज्ञा त्या मंडळीपुरती. मी दुसऱ्या बाजूची आहे आणि वर्गात तसं स्पष्ट सांगते, पण पहिली बाजू तिच्या पूर्ण जोरानिशी मांडल्यावरच. मग एक प्रश्न टाका: याच अध्यायात वेण्या, सोनं आणि मोती यांनाही मनाई आहे, ती आपण कोणत्या नियमानं सैल केली?

इफिसकरांसचं सांगणं थोडक्यात: बायकांनी नवऱ्याच्या अधीन राहावं हे ५:२२मध्ये आहे, पण वाचन तिथून नाही, २१पासून सुरू करा. एकमेकांच्या अधीन राहा, हे तिथे आहे.

जुन्या करारातून दबोरा आणि हुल्दा या दोघी संदेष्ट्री घ्या. योशिया राजाच्या काळात मंदिरात नियमशास्त्राचा ग्रंथ सापडतो तेव्हा याजक हिल्कीया आणि राजाची माणसं देवाचं म्हणणं विचारायला हुल्देकडे जातात; यिर्मया त्याच काळात संदेष्टा होता. पण नुसत्या विजयी बायका निवडू नका. शास्ते १९मधली, जमावाच्या बलात्कारानंतर मरणारी लेव्याची उपपत्नी वाचलीच पाहिजे. तिला नाव नाही, पूर्ण अध्यायात तिचा एक शब्द नाही. त्या दिवशी दुसरा कुठलाही पाठ घेऊ नका, आणि वाचनाआधी कशाविषयी आहे ते सांगून ठेवा, कारण वर्गात कुणी काय सोसलंय ते आपल्याला दिसत नाही.

सलाफहादाच्या पाच मुली पुढच्या बैठकीला ठेवा. गणना २७मध्ये त्या मोशेसमोर उभ्या राहून वडिलांच्या वतनाचा वाटा मागतात आणि परमेश्वर त्यांचं म्हणणं बरोबर ठरवतो. ३६व्या अध्यायात वंशातले पुढारी तक्रार करतात आणि या मुलींनी आपल्याच वंशात लग्न करावं असं बंधन येतं. दोन्ही अध्याय एकाच बैठकीत वाचा आणि महला, नोआ, होग्ला, मिल्का, तिरसा ही पाचही नावं मोठ्यानं वाचायला लावा.