गॅमा-रे बर्स्टचा आफ्टरग्लो कसा टिपायचा आणि त्याचा उतार कसा काढायचा

टेलिस्कोप, कूल्ड कॅमेरा, गाइडिंग, डार्क-फ्लॅट हे सगळं तुम्हाला जमतं असं धरून चालतो. आठ-दहा इंची आरसा पुरतो.

गॅमा-रे बर्स्ट म्हणजे दूरच्या आकाशगंगेतून येणारा गॅमा किरणांचा अल्पकाळाचा प्रचंड स्फोट. गॅमा किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, वातावरण ते अडवतं, त्यामुळे स्फोट पकडायचं काम उपग्रहांचं, १९६७ मध्ये व्हेला उपग्रहांनी पहिला पकडला तेव्हापासून. आपलं काम सुरू होतं ते नंतर मागे राहणाऱ्या आणि भराभर विझत जाणाऱ्या उजेडापासून, म्हणजे आफ्टरग्लोपासून. जीसीएनवर, म्हणजे अशा स्फोटांच्या सूचना जगभर पाठवणाऱ्या नासाच्या सेवेवर, अकाउंट काढा, फुकट आहे, आणि अलर्ट फोनवर वाजेल असं करा.

अलर्ट आला की आधी जागा किती पक्की आहे ते बघा. नुसता फर्मी उपग्रहाच्या जीबीएम या गॅमा किरण टिपणाऱ्या उपकरणाचा असेल तर शोधायचं वर्तुळ कित्येक अंशांचं असतं, छोट्या टेलिस्कोपने त्यात शोधत बसणं म्हणजे रात्र वाया, सोडून द्या. स्विफ्ट उपग्रहाची एक्स-रे दुर्बीण मात्र काही आर्कसेकंदांत (एक आर्कसेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) जागा देते, ती आली की जेवण अर्धवट ठेवून उठा.

फिल्टर लाल लावा. मधल्या धुळीत निळा उजेड आधी मरतो.

फ्रेम ३० ते ६० सेकंदांच्याच घ्या. पाच-दहा मिनिटांची एकच मोठी एक्स्पोजर द्या असा सल्ला हमखास मिळतो, तो अजिबात ऐकू नका. पहिल्या तासात चमक मिनिटामिनिटाला बदलत असते, छोट्या फ्रेम नंतर हव्या तशा स्टॅक करता येतात पण मोठी फ्रेम कापता येत नाही. प्रत्येक फ्रेममध्ये टेलिस्कोप थोडा सरकवा म्हणजे हॉट पिक्सेल फसवणार नाही.

स्टॅक पॅन-स्टार्स या आकाश-सर्वेक्षणाने त्याच जागेच्या आधी घेतलेल्या फोटोशेजारी लावा. त्यात नसलेला ठिपका दिसला तर त्या वेळी तिथून एखादा लघुग्रह जातोय का ते मायनर प्लॅनेट सेंटरवर तपासा. तरीही एका फोटोवर काही जाहीर करू नका. ठिपका मंदावतोय हे दिसलं तरच तो आफ्टरग्लो.

आता खरी अडचण, जिच्यात मी स्वतः अडकलो होतो. आफ्टरग्लोची चमक स्फोटापासून गेलेल्या वेळेच्या एका घाताच्या व्यस्त प्रमाणात उतरते, आणि तो घात म्हणजेच उतार. उतार १ असेल तर वेळ दुप्पट झाली की चमक निम्मी, म्हणजे पाऊण मॅग्निट्यूड कमी (मॅग्निट्यूड हे चमकीचं माप, आकडा जितका मोठा तितका ठिपका मंद), आणि वेळ दहापट झाली की अडीच मॅग्निट्यूड कमी. तासाभराने १६.५ असलेला ठिपका दहा तासांनी १९ वर गेलेला असतो. म्हणजे सगळा हिशोब 'कधीपासून' मोजलं यावर उभा आहे, आणि नेमकं त्याकडेच कुणी लक्ष देत नाही, सगळे कॅमेऱ्याबद्दल बोलत बसतात.

९ ऑक्टोबर २०२२, कोजागिरी. घरचे गच्चीवर दूध आटवत होते, स्विफ्टचा अलर्ट आला, भारतीय वेळेप्रमाणे ७ वाजून ४० मिनिटांचा. जागा शर तारकासमूहात, जवळजवळ डोक्यावर. पौर्णिमेने आकाश पांढरं झालेलं, तरी स्टॅकमध्ये ठिपका उमटला. आधी ती आपल्याच आकाशगंगेतली वस्तू असावी असा अंदाज होता, नंतर ठरलं की हा गॅमा-रे बर्स्ट, जीआरबी २२१००९ए, आजवर नोंदलेला सगळ्यात तेजस्वी, ज्याचा प्रकाश आपल्याकडे यायला जवळपास १९० कोटी वर्षं लागली. मी लगेच आलेख काढायला बसलो आणि उतार फारच सपाट आला. दोन दिवस मी चंद्रप्रकाशाला दोष दिला, तुलनेचे तारे तीनदा बदलले, फ्लॅट परत घेतले.

चूक शून्य वेळेत होती. मी स्विफ्टची वेळ धरली होती, पण स्विफ्टने पकडला होता तो आफ्टरग्लोच! मूळ स्फोट फर्मीने त्याच्या ५३ मिनिटं आधी, ६ वाजून ४७ मिनिटांनी नोंदवला होता. याने किती फरक पडतो बघा. समजा खरा उतार १ आहे आणि तुमची दोन मापं स्विफ्टच्या वेळेनंतर ३० आणि ९० मिनिटांची आहेत. तुम्हाला वाटतं वेळ तिप्पट झाली. प्रत्यक्षात ती ८३ वरून १४३ मिनिटं झाली, म्हणजे पावणेदोन पटही नाही. चमक खरोखर उतरली ०.५९ मॅग्निट्यूड, ती तिपटीवर पसरवली की उतार निघतो ०.५, बरोब्बर अर्धा. माप चोख, आरसा चोख, आणि उत्तर सपशेल चूक.

म्हणून आलेख काढण्याआधी त्या जागेवर इतर कुठल्या उपग्रहाने आधी काही नोंदवलंय का ते जीसीएनच्या सर्क्युलरमध्ये, म्हणजे निरीक्षक तिथे पाठवतात त्या छोट्या अहवालांत, शोधा, आणि सगळ्यात पहिल्या ट्रिगरची, म्हणजे उपग्रहाने स्फोट पहिल्यांदा टिपल्याची, वेळ धरा. लॅपटॉपचं घड्याळ इंटरनेटवरून जुळवून घ्या, नोंद यूटीमध्येच (जागतिक वेळेत) ठेवा, साडेपाच तास मनात वजा करायच्या भानगडीत पडू नका. स्टॅकची वेळ म्हणून पहिल्या फ्रेमची सुरुवात लिहू नका, मधली वेळ लिहा. आणि स्टॅक समान लांबीचे करू नका, आधी पाच मिनिटांचा, मग दहाचा, मग वीसचा, कारण वेळेच्या लॉग आलेखावर तेच सारख्या अंतरावर बसतात.

दुसऱ्या रात्री परत तीच जागा घ्या, जमलं तर आठवडाभर. तुमच्या आरशाच्या आवाक्याबाहेर गेला की हानले इथल्या ०.७ मीटरच्या ग्रोथ-इंडिया टेलिस्कोपसारख्या दुर्बिणी तो पुढे नेतात, आणि आपल्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण रेडिओत त्याचा माग ठेवू शकते, कारण रेडिओतला उजेड कितीतरी जास्त टिकतो.

सर्क्युलर पाठवताना शून्य वेळ कुठल्या उपग्रहाची धरली ते पहिल्याच ओळीत लिहा, मग मधली वेळ, फिल्टर, एकूण एक्स्पोजर, मॅग्निट्यूड आणि तुलनेचा कॅटलॉग. काहीच दिसलं नसेल तरी किती मंद ठिपका तुम्हाला दिसू शकला असता तो आकडा पाठवा, त्या वेळेला उजेड त्याखाली होता हे उतार काढणाऱ्याला लागतंच.