मालवणच्या खडकांवर स्पंज ओळखताना

स्पंज हा प्राणी आहे हे शाळेत पाठ केलेले असते, पण मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावर ओहोटीच्या वेळी पहिल्यांदा वाकून पाहिले तेव्हा समोरचा नारिंगी थर स्पंज आहे की आणखी काही, हे मला सांगता येईना. त्या दिवशी मी अकरा नमुने जमवले आणि प्रयोगशाळेत त्यांतले चार वसाहतीने राहणारे ॲसिडियन, म्हणजे खडकाला चिकटून राहणारे वेगळेच सागरी प्राणी, निघाले. तेव्हापासून भिंग गळ्यात अडकवल्याशिवाय मी खडकावर उतरत नाही. ॲसिडियनचा पृष्ठभाग गुळगुळीत, जिलेटिनसारखा असतो आणि भिंगाखाली त्यात एकसारख्या आकाराचे बारीक जीव ओळीने किंवा चांदणीसारखे मांडलेले दिसतात. स्पंज बहुधा खरखरीत किंवा मखमली लागतो, दाबल्यावर पाणी सोडतो आणि त्यावर पाणी बाहेर टाकणारी मोठी छिद्रे, म्हणजे ऑस्क्युला, विखुरलेली असतात. काही स्पंजांच्या स्पर्शाने त्वचेची आग होते, म्हणून हातमोजे घालावेत.

नवख्याने आधी तिथी पाहावी. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत खाली उतरते. अष्टमीच्या भांगाला, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर सर्वांत कमी असताना, स्पंज असलेले खडक उघडे पडतच नाहीत. तिथीला पाऊणने गुणले की भरतीची साधारण वेळ मिळते, हा कोळी बांधवांचा हिशेब आहे. पंधरा पाऊणे सव्वाअकरा, म्हणजे पौर्णिमेची भरती सव्वाअकराला आणि तिच्या सुमारे सहा तास आधीची ओहोटी पहाटे सव्वापाचच्या सुमारास, अंधारात. द्वितीया-तृतीयेला तीच ओहोटी सकाळी साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान येते, उधाणाचा जोरही तेव्हा टिकून असतो, म्हणून पाहणीसाठी मी हेच दिवस धरते. नेमकी वेळ मात्र भरती-ओहोटीच्या तक्त्यावरूनच घ्यावी आणि त्याआधी दीड तास खडकावर पोहोचावे, कारण पाणी परतू लागले की फार वेळ मिळत नाही.

मालवणचे सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झाले, त्यामुळे तेथे नमुना उचलण्यापूर्वी वन विभागाची लेखी परवानगी हवी. चुनखडी कंटिकांच्या (कंटिका म्हणजे स्पंजाच्या सांगाड्यातले सूक्ष्म काटे) सर्व स्पंजांचा 2001 साली वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचीत समावेश झाला, हेही लक्षात ठेवावे. ही कागदपत्रे मिळायला वेळ लागतो. पावसाळ्यात अर्ज करावा, म्हणजे हिवाळ्यात काम सुरू होते.

स्पंजाचा फोटो तो जागेवर ओला असतानाच, शेजारी मोजपट्टी ठेवून घ्यावा. रंग, वास, चिकटपणा त्याच क्षणी लिहावा, कारण अल्कोहोलमध्ये रंग उतरतो आणि भडक नारिंगी स्पंज दोन दिवसांत मळकट राखाडी होतो. अंगठ्याच्या नखाएवढा तुकडा पुरतो, मात्र त्यात वरची कातडी आणि आतला गाभा दोन्ही यायला हवेत. स्पंजात पाणी भरलेले असल्याने अल्कोहोल पातळ होते. म्हणून दुसऱ्या दिवशी ते बदलावे. चिठ्ठी पेन्सिलने लिहून बाटलीच्या आत टाकावी. माझ्या पहिल्या हंगामात बाटल्यांवर बाहेरून मार्करने लिहिलेले क्रमांक सांडलेल्या अल्कोहोलने पुसले गेले आणि अर्धे नमुने निनावी झाले.

खरी ओळख कंटिकांवरून पटते. परीक्षानळीत तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा घेऊन त्यावर ब्लीच ओतावे. मांसल भाग विरघळला की कंटिका तळाशी बसतात. त्या तीन-चार वेळा पाण्याने आणि शेवटी अल्कोहोलने धुऊन काचपट्टीवर वाळवाव्यात. आम्लाची घाई करू नये, कारण कंटिका चुनखडीच्या असतील तर त्या आम्लात नाहीशा होतात. सिलिकाच्या तेवढ्या टिकतात. प्रत्येक प्रकारच्या पंचवीस-तीस कंटिकांची लांबी-रुंदी मोजावी. कंटिकांची आतील मांडणी पाहण्यासाठी ब्लेडने पातळ काप घेणे वेगळे, आणि तेही टाळता येत नाही.

एकदा मला हॅलिक्लोना या स्पंजाच्या नमुन्यात दोन्ही टोकांना निमुळत्या ऑक्झिआ कंटिकांबरोबर टाचणीसारख्या टायलोस्टाईल आणि नागमोडी काटेरी स्पायरास्टर कंटिका दिसल्या. नवी जात सापडली या आनंदात मी रात्रभर चित्रे काढली. ती सगळी पाहुणी मंडळी कालवांचे शिंपले पोखरणाऱ्या क्लायोना या स्पंजाची होती आणि ती नीट न धुतलेल्या परीक्षानळीतून आली होती. आता मी प्रत्येक नमुन्याला नवी नळी वापरते आणि संशय आला की दुसऱ्या तुकड्यावर सगळे पुन्हा करते.

संदर्भासाठी प्राणिशास्त्रज्ञ आर्थर डेंडी यांची सिलोनच्या स्पंजांवरील 1905 ची आणि काठियावाडातील ओखामंडळच्या स्पंजांवरील 1916 ची वर्णने आजही उघडावी लागतात. त्यांतली बरीच नावे पुढे बदलली, म्हणून प्रत्येक नाव वर्ल्ड पोरिफेरा डेटाबेसवर पडताळावे. वर्णन जुळले नाही तर प्रजातीपाशी (जीनसपाशी) थांबून ‘हॅलिक्लोना, जात अनिश्चित’ असे लिहावे. अशा नोंदींनी माझी पहिली यादी भरली होती आणि तेव्हा मला त्याची लाज वाटली. पुढे याच यादीतल्या ओळखी कमीत कमी वेळा खोडाव्या लागल्या.

नवी जात खरोखरच निघाली तर जैवविविधता कायदा, 2002 नुसार तिचा नमुना मान्यताप्राप्त संग्रहालयात जमा करावा लागतो. बाकीच्या बाटल्या आपल्याकडेच राहतात आणि घट्ट झाकणातूनही अल्कोहोल उडतच असते. त्यामुळे पावसाळ्यात किनारा बंद झाला की आम्ही एक आठवडा बाटल्या उघडून पुन्हा भरण्यातच घालवतो.