डेलोरियन गाडीच्या प्लॅस्टिक मॉडेल किटवरचा दुधाळ थर कसा घालवला

बेळगाव-खानापूर पट्ट्यात पावसाळ्यात लॅकरचा (झटपट वाळणाऱ्या रंगाचा) स्प्रे मारला की चंदेरी रंगावर हमखास दुधाळ थर येतो. थिनर झपाट्याने उडतं, पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं बाष्प ओल्या रंगात अडकतं. त्यावर क्लिअर, म्हणजे वरचा पारदर्शक थर, अजिबात मारू नका, थर आतच कोंडतो. उघडीप पडलेल्या दुपारी रिटार्डर (वाळणं लांबवणारं द्रव्य) असलेलं लॅकर थिनर एअरब्रशने २० सेंमीवरून नुसतं धुक्यासारखं मारलं. रंग क्षणभर मऊ झाला, बाष्प निघून गेलं. थिनर साचू दिलंत तर मात्र प्लॅस्टिकला बारीक तडे जातात. पुढच्या वेळी कॅन आधी कोमट पाण्यात ठेवा. गॅसजवळ कधीच नाही.

तसंही डीएमसी-१२ ला, म्हणजे या डेलोरियनला, चकचकीत क्लिअर शोभतच नाही. मूळ गाडीचा पत्रा बिनरंगाचा, घासलेल्या स्टेनलेस स्टीलचा. रंग पूर्ण वाळल्यावर ३००० ग्रिटचा, म्हणजे अगदी बारीक, घासायचा स्पंज प्रत्येक पॅनलवर एकाच दिशेने, अगदी हलका फिरवा. कडांवर जोर नको, तिथलाच रंग आधी उडतो.

किट निवडताना स्केल, म्हणजे मूळ गाडीच्या किती पट लहान, ते बघा. गाडी साधारण ४.२७ मीटर लांब, म्हणजे १/२४ मध्ये १७.८ सेंमी, १/२५ मध्ये १७.१. दोन्हींचे भाग एकमेकांना बसत नाहीत.

१९८५ च्या ‘बॅक टू द फ्युचर’ सिनेमात हीच गाडी टाइम मशीन होती; तिच्या बाहेरच्या केबल किटमध्ये बॉडीतच ओतीव असतात, त्या खोट्या दिसतात. तासून काढा, ०.५ मिमीची भोकं पाडा आणि लॅन केबलमधली नुसती तांब्याची तार बसवा. तीही साधारण ०.५ मिमीच, म्हणजे १/२४ ला १२ मिमीची केबल. तार आधी वाकवून घ्या, मगच चिकटवा.