बांधकामाच्या साइटवर पावसाचे पाणी आणि माती कशी सांभाळावी

साइटवरची माती पावसात वाहून जाऊ नये म्हणून काय करावे, असे विचारले की बहुतेक जण ‘हद्दीला गाळ अडवणारे कापड बांधा’ एवढेच सांगून मोकळे होतात. कापड लागतेच, पण कामाची सुरुवात तिथून होत नाही.

आधी वरच्या अंगाने येणारे पाणी अडवा. पाया खणण्यापूर्वीच वरच्या हद्दीला आडवा चर मारा. निघालेली माती चराच्या खालच्या काठाला टाकून बांध घाला आणि पाणी बाजूने, गवतावर किंवा दगडांवर, बाहेर सोडा. हे पाणी आत शिरले नाही तर अर्धे काम तिथेच झाले.

ज्या भागात आत्ता काम नाही, तिथले गवत काढू नका. ‘एकदाच मशीन आले आहे तर सगळाच प्लॉट साफ करून घेऊ’ हा सल्ला मी ऐकत नाही, तुम्हीही ऐकू नका.

ट्रकच्या वाटेवर जिओटेक्स्टाइल (पाणी झिरपू देणारे जाड कृत्रिम कापड) अंथरून त्यावर ५० ते ७५ मिलिमीटरच्या दगडांचा १५ सेंटिमीटर जाड थर द्या, निदान १५ मीटर लांबीचा. म्हणजे चाकांचा चिखल रस्त्यावर जात नाही.

आता गाळ अडवणारे कापड. माझे पहिले कापड पहिल्याच मोठ्या पावसात गेले. हद्दीची भिंत सरळ होती म्हणून मीही कापड तिच्या कडेने सरळ, उतारावरून खाली नेले होते. पाणी कापडाला लागून पळत गेले, खालच्या कोपऱ्यात जमले आणि तळाची माती उकरून निघून गेले. सकाळी पाहिले तर कापड जसेच्या तसे उभे, खाली हात जाईल एवढे भगदाड, आणि खालच्या शेजाऱ्याच्या अंगणात आमचा घोट्याएवढा गाळ. तो आम्ही दोन दिवस घमेल्यांनी उचलला.

चूक समजण्याची होती. हे कापड म्हणजे गाळणी नव्हे, तो एक बुटका बंधारा आहे. पाणी त्याच्यामागे तुंबते, थांबते आणि थांबल्यावर गाळ खाली बसतो. म्हणून ते समपातळीतच लागले पाहिजे. डोळ्यांच्या अंदाजावर जाऊ नका, गवंड्याची पाणी भरलेली नळी घ्या आणि दर खुंटाला पातळी बघा. दोन्ही टोके उताराच्या वरच्या दिशेला वळवा, इतकी की टोकाची जमीन मधल्या कापडाच्या वरच्या कडेपेक्षा उंच राहील. नाहीतर तुंबलेले पाणी कडेने वळसा घालून जाते.

तळाकडे सर्वांत जास्त लक्ष द्या. १५ सेंटिमीटर खोल आणि तेवढाच रुंद चर खणा, कापडाची खालची कड त्यात सोडून तळाशी वरच्या अंगाला दुमडा, माती भरा आणि धुम्मसाने दोन्ही बाजूंनी चोपा. वर नुसते दगड ठेवून भागत नाही, कोणी काहीही सांगो. खुंट उताराच्या खालच्या अंगाला, कापड वरच्या अंगाला. म्हणजे पाण्याचा रेटा कापडाला खुंटांवर दाबतो. खुंटांत दोन मीटरपेक्षा जास्त अंतर नको. एक मीटर कापडामागे सुमारे ३० चौरस मीटर जमिनीचे पाणी, त्याहून जास्त नाही. आणि ओघळात किंवा नाल्यात आडवे कापड कधीही लावू नका, ते उखडतेच. तिथे दगडांचे छोटे बांध घाला.

एक परीक्षा आधीच करा. साइटची मूठभर माती पाण्याच्या बाटलीत टाकून जोरात हलवा आणि ठेवून द्या. वाळू काही सेकंदांत बसते, पोयट्याला मिनिटे-तास लागतात. दुसऱ्या दिवशीही पाणी गढूळच असेल तर माती चिकण आहे, आणि कापडामागे ती बसायची नाही. अशा साइटवर सगळा भर माती झाकण्यावर द्या: पेंढा, तागाची जाळी, भरभर उगवणारे गवत. माती सुटते ती मुळात थेंबांच्या माराने, म्हणून थेंब आणि मातीच्या मध्ये काहीतरी हवेच.

मातीचे ढीग गटारापासून लांब ठेवा आणि झाका. छप्पर चढले की पन्हळींना त्याच दिवशी पाइप जोडा.

प्रत्येक मोठ्या पावसानंतर सगळ्या कापडाच्या कडेने चालत जा आणि तळाकडे बघा. गाळ कापडाच्या एक तृतीयांश उंचीपर्यंत आला की काढा आणि उताराच्या वरच्या अंगाला पसरून त्यावर गवत पेरा. काम संपल्यावरही, गवत नीट धरेपर्यंत कापड काढू नका.