भेंडीवर औषध लागू पडत नाहीये? बाटली बदलण्याआधी किडीच्या पोटात काय चाललंय ते बघा

पाऊस सरला, भातकापणी उरकत आली आणि मुरबाड, शहापूर, अंबरनाथ पट्ट्यात भेंडीची तयारी सुरू झाली. पहिला तोडा जवळ आला की दरवर्षीचं गाऱ्हाणं ठरलेलं, औषध मारलं पण रिझल्ट नाही, पांढरी माशी तशीच, तुडतुडे तसेच. मग डोस दीडपट होतो, आठवड्यात दोन फवारे होतात, पैसे जातात आणि कीड जागेवरच. यात प्रत्येक वेळी औषध डुप्लिकेट नसतं हो, बऱ्याचदा कीडच ते पचवायला लागलेली असते.

कशी पचवते, ते जरा नीट सांगतो, कारण फवारणीचं सगळं प्लॅनिंग यावरच ठरतं. बहुतेक कीटकांच्या पोटात आतड्याला जोडलेल्या बारीक नळ्या असतात, त्यांना मालपिघी नळ्या म्हणतात. सतराव्या शतकात मालपिघी नावाच्या इटालियन शास्त्रज्ञाने रेशीमकिड्यात त्या पाहिल्या होत्या. या नळ्या म्हणजे किडीची किडनी, रक्तातली घाण आणि जादाचे क्षार ओढून आतड्यात सोडायचे. फळमाशीसारख्या छोट्या माशीला, जिच्यावर लॅबमध्ये सगळ्यात जास्त काम झालंय, अशा चारच नळ्या असतात. कुठल्या अवयवात कुठला जीन किती चालू आहे हे मोजता यायला लागलं तेव्हा दिसलं की या नळ्यांमध्ये विष तोडणारे आणि विष बाहेर फेकणारे जीन भरपूर चालू असतात. म्हणजे लघवी करायचा अवयव आणि औषध निकामी करायचा कारखाना एकाच जागी.

यातला एक जीन आहे सीवायपी६जी१. २००२ साली दाखवलं गेलं की हा एकच जीन जास्त चालला की फळमाशी डीडीटीला दाद देत नाही. आणि तो जास्त का चालतो, तर डीएनएचा एक उड्या मारणारा तुकडा त्या जीनच्या अगदी पुढ्यात येऊन बसला म्हणून. २००७ मध्ये त्याहून भारी गोष्ट कळली, हा जीन फक्त नळ्यांच्या मुख्य पेशींमध्ये दाबला तरी अख्खी माशी डीडीटीने लवकर मरते आणि फक्त तिथेच वाढवला तरी माशी जास्त टिकते. एवढ्याशा नळीतला एक जीन मरणं-जगणं ठरवतो.

आता आपल्या प्लॉटवर या. पांढऱ्या माशीत याच खानदानातला सीवायपी६सीएम१ हा जीन जोरात चालला की ती इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक मोडून टाकते. आणि ज्याचा गटच (म्हणजे किडीला मारायची पद्धतच) वेगळा आहे ते पायमेट्रोझिनसुद्धा तोच जीन मोडतो, म्हणून नुसता गट बदलला की काम झालं असं धरून चालू नका, चार दिवसांनी पानं उलटून मोजा. माव्याला मात्र या नळ्याच नसतात, तरी तो औषधाला सरावतोच, त्याचं काम दुसऱ्या पेशींमधून चालतं.

पांढऱ्या माशीतला हा जीन आपल्या फवाऱ्याने तयार होत नाही, तो हजारात एखाद्या माशीत आधीच जोरात चालू असतो. आपण तेच तेच मारत गेलो की बाकीच्या मरतात, ती उरते आणि पुढची सगळी पिलावळ तिचीच. सगळ्यात मोठी गफलत इथेच होते. बाटलीवर कंपनीचं नाव मोठ्या अक्षरात आणि खाली बारीक अक्षरात टेक्निकल नाव, म्हणजे आतल्या औषधाचं खरं नाव असतं, वाचायचं ते बारीक. इमिडाक्लोप्रिड, थायमेथोक्साम, अ‍ॅसिटामिप्रिड ही तीन नावं असली तरी गट एकच, एकानंतर दुसरं मारलं म्हणजे औषध बदललं असं होत नाही. दोन औषधांचं मिक्सही घेताना बघा, बऱ्याच मिक्समध्ये यातलंच एक बसलेलं असतं. आणि बियाण्याचं पाकीट नीट वाचा, भेंडीचं बी बऱ्याचदा इमिडाक्लोप्रिड किंवा थायमेथोक्साम लावूनच येतं, म्हणजे त्या गटाची पाळी पेरतानाच होऊन गेली, पहिला फवारा परत त्याच गटाचा नको.

सुरुवात ५ टक्के निंबोळी अर्काने करा. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी कपड्यातून गाळून, थोडा साबण घालून एकूण १०० लिटर करायचं आणि त्याच दिवशी संध्याकाळी मारायचं, पानाच्या खालच्या बाजूला लागलं पाहिजे, वरून भिजवून उपयोग नाही. पिवळे चिकट सापळे रोपं लहान असतानाच लावा. केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या पडणारा रोग) आलेलं झाड दिसलं की लगेच उपटून लांब नेऊन पुरा, तो रोग पांढरी माशीच पसरवते. रासायनिक घ्यायची वेळ आलीच तर एक गट वापरला की साधारण महिनाभर त्याला हात लावायचा नाही, तेवढ्यात किडीची एक पिढी होऊन जाते. डोस लेबलवरचाच. कमी मारलं तर अर्धवट सरावलेल्याही वाचतात, जास्त मारलं तर मित्रकीटक आधी जातात.

लेबलवर भेंडीचं नाव आहे का आणि फवारल्यावर तोडणीला किती दिवस थांबायचं तेही बघून घ्या. भेंडी एक दिवसाआड तोडावी लागते, त्यामुळे लांब वेटिंगवालं औषध तोडा सुरू व्हायच्या आधीच संपवायचं, मग माल वाशी मार्केटला जावो नाहीतर एक्स्पोर्टला. आणि तारीख, टेक्निकल नाव, चार दिवसांनी पानामागे किती किडी उरल्या, एवढं पंपाच्या खोलीत वहीत लिहून ठेवा, पुढच्या वेळी दुकानात जाताना तीच वही सोबत न्या.