लग्नाचा ड्रेस अंगावर शोभावा म्हणून: आधी करायची तयारी

पहिलं काम मापांचं, आणि ते आरशासमोर एकटीनं करायचं नाही. स्वतःचं माप घेताना आपण वाकतो, टेप पाठीमागे खाली सरकते आणि आकडा चुकतो. बहीण, मैत्रीण, कुणीही चालेल. फक्त श्वास रोखून पोट आत घेऊ नका. कंबर नेमकी कुठे आहे हे कळत नसेल तर एका बाजूला झुका, घडी पडते तिथे कंबर. सीटचं, म्हणजे नितंबांचं, माप सगळ्यात भरलेल्या जागी घ्यायचं; ती जागा साधारणपणे कमरेखाली 18 ते 23 सेंटिमीटरवर येते. छाती, कंबर, सीट एवढ्यावर बहुतेक जणी थांबतात. त्याला आणखी दोन मापं जोडा: खांद्यापासून छातीच्या उंचवट्यापर्यंत आणि खांद्यापासून कमरेपर्यंत. दोघींचे घेर तंतोतंत सारखे असले, तरी एकीचं धड लांब आणि दुसरीचं आखूड असू शकतं. मग एकच ड्रेस एकीला नेमका बसतो आणि दुसरीला त्याची कंबर फासळ्यांवर येते.

बांध्याला फळांची नावं देणारे तक्ते बाजूला ठेवा. खरी बाई क्वचितच एका खणात मावते. त्याऐवजी तीन गोष्टी लिहून काढा: खांदे रुंद की सीट, कंबर किती आत जाते, धड लांब की पाय. चौथी गोष्ट तितकीच महत्त्वाची: स्वतःचा कोणता भाग तुम्हाला आवडतो. ड्रेसनं लपवाछपवी करत बसण्यापेक्षा नजर तिकडे न्यावी, असं माझं ठाम मत आहे.

सीट रुंद आणि कंबर बारीक असेल तर कमरेपर्यंत बेतशीर आणि तिथून सरळ खाली पसरत जाणारा ए-लाइन घालून बघा. पोट भरलेलं असेल तर कमरेची शिवण छातीच्या जरा खाली घ्यायला सांगा, किंवा पोटावर तिरप्या चुण्या मागा. खांदे रुंद वाटत असतील तर व्ही गळा नजर उभी नेतो. मानेमागे बांधायच्या हॉल्टर गळ्यात मात्र खांदेच पुढे येतात. उंची कमी असेल तर घेर आवरता ठेवा. सरळ बांध्याला उरेब कापलेला ड्रेस सुंदर दिसतो. कापड 45 अंशांत तिरपं धरून कापलं की त्याला ताण येतो आणि ते अंगाच्या वळणावरून उतरतं. 1920 आणि 30 च्या दशकांत पॅरिसमध्ये फॅशन डिझायनर माद्लेन व्हियोने यांनी याच कापणीवर अख्खे ड्रेस उभे केले.

कापडाची निवड आकाराइतकीच काम करते. चकचकीत सॅटिन उजेड परतवतं, त्यामुळे प्रत्येक उंचवटा आणि सुरकुती उठून दिसते. पातळ क्रेप आतल्या कपड्याची कडसुद्धा दाखवतो. ऑर्गन्झा अंगापासून दूर उभा राहतो, शिफॉन खाली झरतो.

आता सगळ्यात दुर्लक्षित भाग, आतला आधार. खांद्याला पट्ट्या नसलेला ड्रेस छातीवर टिकत नाही, तो कमरेवर टिकतो. आत कमरेला एक घट्ट पट्टी शिवून वेगळ्या हुकांनी बंद करता येते. ड्रेसच्या खालच्या घेराचं वजन ती पेलते आणि वरचा भाग दिवसभर जागचा हलत नाही. ड्रेस सारखा वर ओढणाऱ्या नवऱ्या दिसतात, तेव्हा बहुतेकदा ही पट्टी नसते किंवा सैल असते. शिंप्याला याबद्दल स्पष्ट विचारा. शिवणीत माया, म्हणजे आत दुमडलेलं जादा कापड, किती सोडली आहे हेही विचारा, कारण ड्रेस आत घेणं सोपं असतं, सैल करणं मायेपुरतंच शक्य असतं. म्हणून नंबर निवडताना तुमच्या सगळ्यात मोठ्या मापाला बसेल तो घ्या. लग्नाच्या ड्रेसचा नंबर नेहमीच्या कपड्यांपेक्षा बरेचदा मोठा निघतो, त्याचं वाईट वाटून घेऊ नका. आणि 'तोवर बारीक होईन' म्हणून लहान ड्रेस तर अजिबात घेऊ नका. शरीराला मुदत घालून द्यायची नाही, ड्रेस शरीराप्रमाणे बेतायचा.

ऑर्डर देऊन शिवून घेणार असाल तर सहा ते नऊ महिने हाताशी ठेवा. फिटिंगची सुरुवात दोन-तीन महिने आधी, शेवटची ट्रायल आठ-पंधरा दिवस आधी. प्रत्येक ट्रायलला त्या दिवशीचीच ब्रा आणि त्याच टाचेचे बूट हवेत, नाहीतर छातीची जागा आणि खालची लांबी दोन्ही चुकतात. टाचण्या लावून झाल्या की नुसतं उभं राहू नका. बसा, हात वर करा, जिना चढा, कुणालातरी मिठी मारा. मुंढा काखेत काचतो का, पाठीवर आडव्या वळ्या पडतात का, ते पाहा. आडवी वळी म्हणजे तिथे घट्ट, उभी लोंबती घडी म्हणजे सैल. बाजूनं आणि मागून फोटो काढून घ्या, कारण समारंभात लोक तुम्हाला बराच वेळ मागूनच बघणार आहेत.

शेवटच्या ट्रायलला सोबत तीच व्यक्ती न्या जी त्या दिवशी ड्रेस घालायला मदत करणार आहे. हुक कोणत्या क्रमानं लावायचे, मागचा लांब घोळ कसा उचलून अडकवायचा, हे तिनं स्वतःच्या हातानं एकदा करून बघू दे.